रॉयल पायथनची कात दर हिवाळ्यात अडकते: सापाकडे नंतर बघा, आधी हवेकडे

आमच्या चुंबळीची कात त्या जानेवारीत अकरा तुकड्यांत निघाली. मी मोजले. पहाटे साडेसहाची वेळ, बाहेर काळोख, हातात टॉर्च, आणि टँकभर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची दोन कडी तशीच चिकटलेली, एकावर एक. वरचं आत्ताचं, खालचं नोव्हेंबरातलं राहून गेलेलं. उन्हाळ्यात हिची कात अखंड निघते, मोजा उलटा काढावा तशी. दिवाळी झाली, घरातलं हीटिंग सुरू झालं, की तुकडे. सलग तिसरा हिवाळा.

चुंबळ म्हणजे माझी रॉयल पायथन. भारतात आणि अमेरिकेत हिलाच बॉल पायथन म्हणतात. मूळ जात आफ्रिकेतली, घाना-टोगो-बेनिनच्या पट्ट्यात भरपूर. घाबरली की डोकं मधे घेऊन स्वतःभोवती गच्च आवळून बसते. पहिल्या दिवशी तिला तशी बघितली आणि घागरीखाली आजी ठेवायची ती चुंबळ आठवली. नाव तिथेच पडलं. मी इंग्लंडात, रेडिंगला राहते. ही मला एका कुटुंबाकडून मिळाली, घरात बाळ आल्यावर त्यांना ती ठेवायची नव्हती. हे साप वीस-तीस वर्षं आरामात जगतात, हे विकत घेताना फार थोड्यांच्या डोक्यात असतं.

गेल्या दोन वर्षांत इथल्या पाच-सहा मराठी घरांतून हाच प्रश्न माझ्याकडे आला. जात तीच, महिने तेच, आणि वाक्यही तेच: "ताई, स्प्रे तर रोज मारतोय." म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आज रात्री काय करायचं

कात अडकलेलीच असेल तर कारणं उद्या शोधा, आधी हे करा. आणि त्याआधी एक गोष्ट अजिबात करू नका: ओढू नका. खालची नवी त्वचा तयार नसेल तर तीही सोबत सोलून येते. डोळ्याला चिमटा लावायचा विचारसुद्धा नको.

झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, हवेसाठी भोकं पाडा. तळाशी जुना टॉवेल कोमट पाण्यात भिजवून, पिळून ठेवा. पाणी हाताला जेमतेम कोमट लागलं पाहिजे, तीसच्या आसपास; आपल्या अंघोळीचं पाणी सापाला भाजतं. साप आत सोडा, वर आणखी एक ओला टॉवेल सैल टाका आणि अर्धा तास तिथेच बसून राहा. साप त्या दोन टॉवेलांच्या मधून फिरतो आणि स्वतःच घासून पापुद्रे सोडवतो. बादलीत पोहायला सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पाण्यात साप घाबरतो, दमतो, आणि वर आपण शेजारी बसून म्हणतो, बघा कसा मजेत पोहतोय.

शेपटीचं कडं मात्र सोडून द्यायचं नाही. ते वाळत गेलं की आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. अर्ध्या तासानंतर ओल्या कापडात शेपटी अंगठा आणि बोटाच्या मधे हलकी धरायची आणि साप पुढे सरकेल तेवढंच त्याला सरकू द्यायचं. आपण फक्त धरून राहायचं. चुंबळीचं वरचं कडं पहिल्याच दिवशी निघालं. खालचं निघायला तीन संध्याकाळ लागल्या. तिसऱ्या दिवशी ते माझ्या बोटावर आलं तेव्हा अंगठीसारखं दिसत होतं, इतकं कडक की वाजेल.

तो डबा आणि टॉवेल फक्त सापाचे. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे उद्योग नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हात धुण्याची आळस परवडणारी नाही.

आता पडलेली कात उचला आणि डोक्याकडचा तुकडा शोधा. दिव्यासमोर धरा. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. कातीवर दोन गोल, फुगीर काचा दिसल्या, लहान मुलीच्या घड्याळाच्या काचेसारख्या, तर डोळे सुटले. त्या जागी भोकं असतील तर काच डोळ्यावरच राहिली. एकदा राहिली तर घाबरू नका, हवा सुधारली की पुढच्या कातीत बहुधा निघून जाते. दोनदा राहिली तर सापांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे. घरी नाही.

स्प्रेने माझं काय केलं

पहिल्या दोन हिवाळ्यांत मीही हेच केलं. सकाळ-संध्याकाळ फवारा. टँकच्या काचेवर घाम सुटायचा, मीटरचा काटा वर जायचा, मी समाधानाने ऑफिसला. तो काटा म्हणजे काचेला चिकटवायचा गोल डायल, टँकबरोबर फुकट मिळालेला. तो कायम ५५ आणि ६०च्या मधे असायचा. मला वाटायचं, आर्द्रता उत्तम आहे, सापातच काहीतरी खोट आहे.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तिला उचलली तर पोटाचे रुंद खवले गुलाबी झालेले, दोन-तीन ठिकाणी तपकिरी कडा. ओल्या बिछान्यावर सतत पोट टेकून राहिल्यावर त्वचा अशी कुजायला लागते. व्हेटने मलम दिलं आणि तीन आठवडे कोरड्या पेपर टॉवेलवर ठेवायला सांगितलं. म्हणजे एकाच जनावराच्या पाठीला कोरड आणि पोटाला ओल. हे कसं शक्य आहे, हे मला कळेना.

कळलं ते इचलकरंजीहून.

आप्पा, म्हणजे माझे वडील, बत्तीस वर्षं सूतगिरणीत होते, स्पिनिंग खात्यात. ते सापाला साप म्हणत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच. "जनावर" म्हणतात. रविवारच्या फोनवर मी अकरा तुकड्यांचं रडगाणं लावलं होतं. त्यांनी मधेच विचारलं, "तिथं हवा किती हाय?"

"अठ्ठावन्न दाखवतंय."

"दाखवतंय कोण?"

मी डायलचं सांगितलं. ते हसले. त्यांच्या खात्यात भिंतीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर असायचे, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला ओलावा काढायचा. हवा कोरडी पडली की सूत तुटायला लागतं, तंतू उडतात, धागा अंगाला चिकटतो. "सूत तुटाय लागलं की नवीन पोरगं मशीनला हात घालतंय. जुना माणूस आधी भिंतीवर बघतोय." आणि मग जे म्हणाले ते मी टँकवर चिकटवून ठेवलंय: "सूत ओलं करायचं नसतंय. हवा ओली करायची असती."

मी नेमकं उलटं करत होते.

हिशेब

हवेतलं पाणी किती हे टक्क्यांत सांगतात म्हणून आपण फसतो. ते टक्के त्या तापमानाला हवेच्या पोटात किती मावेल त्याचे असतात, आणि हवा तापली की तिचं पोट वाढतं. रेडिंगला जानेवारीत बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे ६ ग्रॅम पाणी. हीच हवा खिडकीच्या फटीतून घरात आली आणि रेडिएटरने २१ अंशांवर नेली. २१ अंशांच्या हवेत १८ ग्रॅम मावतं. झाले ३३ टक्के. आता तीच हवा टँकच्या गरम बाजूला ३२ अंशांवर गेली, तिथे मावतं सुमारे ३४ ग्रॅम. झाले १८ टक्के. पाण्याचा थेंबही कमी झालेला नाही. चहाची, अंघोळीची वाफ घरात थोडी भर घालते, पण फार नाही. जुलैत इचलकरंजीत २७ अंश आणि ८५ टक्के असले की त्याच घनमीटरमध्ये २२ ग्रॅम असतात.

रॉयल पायथनला ६० ते ८० टक्के लागतात. माझी दीड किलोची बाई तिसाव्या टक्क्याखाली महिनोन् महिने बसलेली होती.

आणि कातीला पाणी लागतं ते फक्त वरून नाही. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे द्रव भरतो. त्यामुळेच अंग मळकट दिसतं आणि डोळे निळसर, दुधाळ होतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आपल्याला वाटतं कात टाकून झाली, पण खरं काम त्यानंतर चार-सहा दिवसांनी होतं. प्राणी आतून तहानलेला असेल तर तो मधला द्रवच अपुरा पडतो आणि दोन थर सुटतच नाहीत. मग वरून कितीही फवारा. (नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तोही याच तहानेने. दिवसेंदिवस पाणी न मिळालेलं जनावर समोर येईल ते पितं. आमच्याकडे शिराळ्याच्या बाजूची माणसं हे मान्य करायला कुरकुरतात, पण करतात.)

आधी मीटर खरं बोलतोय का ते बघा

हे मला आमच्या मागच्या गल्लीतल्या आजोबांनी शिकवलं. निवृत्त बसड्रायव्हर, घरात चार कॉर्न स्नेक, आणि गेल्या कित्येक वर्षांची प्रत्येक कात तारीख घालून पाकिटात. मी त्यांना डायलचा फोटो दाखवला तर त्यांनी तो डायलच माझ्याकडून मागून घेतला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि स्वतःचा डिजिटल मीटर मला उसना दिला. देतानाही म्हणाले, याच्यावरही विश्वास ठेवू नकोस, मिठाला विचार.

बाटलीचं एक झाकण घ्या. त्यात साधं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घाला. मीठ विरघळायला नको, ओल्या रेतीसारखं व्हायला हवं. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा, मीठ मीटरला लागणार नाही असं ठेवा आणि रात्रभर घरातच पडू द्या. ओलं मीठ बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, खोलीचं तापमान थोडं इकडेतिकडे असलं तरी. सकाळी मीटर ७५ दाखवत असेल तर उत्तम. ७१ दाखवला तर तो चार कमी बोलतो, कायम चार मिळवा. पार ६० दाखवत असेल तर दुसरा घ्या.

आजोबांच्या मीटरने ७४ दाखवले. तोच मीटर माझ्या टँकमध्ये गरम बाजूला, बिछान्यापासून चार बोटं वर ठेवला. एका तासाने आकडा स्थिरावला. २४.

मी रीतसर तीन वर्षं अठ्ठावन्न वाचत होते.

हवा ओली करणं

माझा टँक काचेचा होता, वर जाळी आणि जाळीवर सिरॅमिक हीटर. हे म्हणजे चुलीवरचं धुराडं. गरम हवा वरून निघून जाते, तिच्याबरोबर ओलावा, आणि खालून खोलीतली कोरडी हवा आत ओढली जाते. फवाऱ्याचं पाणी अर्ध्या तासात छताकडे रवाना. मागे काय राहतं, तर पोटाखालचा ओला बिछाना. पाठीला कोरड आणि पोटाला ओल यायचं कारण हे.

नवं काहीही विकत घेण्याआधी जाळीचा दोन तृतीयांश भाग बंद करा. मी अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून ठेवली. हीटरच्या आसपासची जाळी मोकळीच हवी, तिथे प्लॅस्टिक नेऊ नका. एवढ्यानेच माझे २४चे ४१ झाले, फवारा न मारता.

दुसरा बदल बिछान्याचा. पूर्वी वर्तमानपत्र होतं, मग लाकडाचा भुसा. आता कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, मिळून चांगला वीतभर नाही तरी आठ-दहा सेंटिमीटरचा थर. कोकणातल्या बागांना लावतात तेच कोकोपीट, खत न मिसळलेलं घ्या. सिडारचा भुसा अजिबात नको, त्यातली तेलं सापाला बाधतात. हिवाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी टँकच्या कोपऱ्यांतून अर्धा लिटर पाणी ओतायचं. मधे नाही, वरून नाही, कोपऱ्यांतून. पाणी तळाशी जातं, खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा. तळातून हळूहळू वाफ येत राहते. वरच्या थरावर तळहात टेकून पाहा. गारवा लागला पाहिजे, हात ओला होता कामा नये. झाला तर पाणी जास्त झालंय, पोटाच्या खवल्यांचं दुखणं परत येईल. कुबट वास आला तरी तेच समजा आणि हवेची एखादी फट उघडा.

पाण्याचं भांडं मी मोठं घेतलं आणि गरम बाजूकडे थोडं सरकवलं. हीटरच्या थेट खाली नाही, जवळ.

आणि दमट डबा. जेवणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, साप सहज जाईल एवढं भोक, कडा घासून गुळगुळीत. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, भिजवून, मुठीत पिळून थेंब गळायचे थांबेपर्यंत. डोळे दुधाळ झाले की चुंबळ आपण होऊन त्यात जाऊन बसते आणि तीन-तीन दिवस बाहेर येत नाही. तिला कोणी शिकवलं नाही. आफ्रिकेत हे साप दिवसा उंदरांच्या बिळांत पडून राहतात, जमिनीखालच्या दमट अंधारात. डबा म्हणजे तेच बीळ. त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही, उंदीर द्यायचा नाही. डोळ्यांवर काच धुरकट असताना तिला धड दिसत नाही, चिडकी होते, आणि खाल्लं तरी ताण येतो. टँकमध्ये एखादा खरबरीत ओंडका असू द्या, नाक घासून सुरुवात करायला.

त्या मार्चमध्ये कात दोन तुकड्यांत आली. मेमध्ये अखंड. पुढच्या डिसेंबरात, हीटिंग रात्रंदिवस चालू असताना, अखंड. १३६ सेंटिमीटर, काती ताणल्या जातात, ती स्वतः एवढी लांब नाही.

मग पुन्हा अडकली

फेब्रुवारीत. शेपटीला कडं. आता मात्र मी सापाला किंवा स्वतःला बोल लावायच्या आधी भिंतीवर बघितलं. मीटर गरम बाजूला ३९ टक्के. जाळी बंद, तळ ओला, सगळं जागच्या जागी. आकड्याशेजारी तापमान होतं, तिकडे माझं लक्षच नव्हतं: ३७ अंश.

थर्मोस्टॅट ३२वर लावलेला. त्याच्या वायरचं टोक, म्हणजे प्रोब, गरम जागी चिकटवलेलं असतं आणि तेवढ्यावर तो हीटर चालू-बंद करतो. चुंबळीने रात्री फिरता फिरता प्रोब उखडून थंड बाजूला नेऊन टाकला होता. थर्मोस्टॅटला वाटत होतं, टँक २५ अंशांवर गारठलाय, म्हणून तो हीटर पेटवतच होता. हवा तापली, पोट वाढलं, टक्के उतरले. कातीवर निभावलं हे नशीब. हाच प्रकार टँकच्या तळाशी लावायच्या हीट मॅटवर झाला असता तर पोट भाजलं असतं. सापाला खालून भाजतंय हे वेळेत कळत नाही, तो तिथेच बसून राहतो.

आता प्रोब केबलच्या क्लिपने स्क्रूने बसवलाय. आत चिकटपट्टी कधीही वापरू नका, सापाच्या अंगाला चिकटली की तो वेगळाच तमाशा. आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा हा तापमान नव्हे, थर्मोस्टॅटची समजूत आहे. गरम आणि थंड दोन्ही बाजूंना वेगळे थर्मामीटर हवेतच. माझ्याकडे गरम जागा ३२, थंड बाजू २५-२६.

हवा, तापमान, दोन्ही बरोबर असून कात अडकत असेल तर अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, शोधा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत खसखशीएवढे काळे ठिपके, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी तसेच बुडालेले. साप तासन् तास भांड्यात बसून राहत असेल तर तीन शक्यता: उकडतंय, हवा कोरडी आहे, किंवा माइट्स. पांढऱ्या टिशूवरून साप सरकू द्या, ठिपके हलताना दिसतात. जुन्या जखमेच्या वणावर कात नेहमीच थोडी अडते, त्याचं काही नाही.

व्हेटकडे लगेच कधी: तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा श्वासात टकटक, पोटावर फोड, शेपटीचं टोक काळं, डोळे स्वच्छ होऊन आठ-दहा दिवस झाले तरी कात नाही. व्हेटला आधी फोनवर विचारा, साप बघता का. कुत्र्या-मांजरांचे सगळेच बघत नाहीत.

विचारताना

मला विचारणारे सापाचा फोटो पाठवतात. सुंदर असतो, पण उपयोग नाही. मला टँकचा पाठवा: वरून, समोरून, हीटर कुठे, मीटर कुठे लटकवलाय, प्रोब कुठे आहे. दहातल्या सात वेळा उत्तर तिथेच दिसतं. आणि लाजू नका. साप पाळणाऱ्यांत एक जमात आहे, जी पहिल्याच प्रश्नाला "जमत नसेल तर पाळता कशाला" म्हणते. त्यांच्यामुळे नवी माणसं कातीचे तुकडे गुपचूप कचऱ्यात टाकतात आणि शेपटी काळी झाल्यावर येतात. इंग्लंडात रॉयल पायथनला परवाना लागत नाही, पण २००६च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टप्रमाणे त्याला योग्य जागा देणं ही पाळणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ती शिकायलाच विचारायचं असतं. आजोबांनी मला पहिल्या भेटीत एक शब्द वाकडा बोलला नाही, डायल तेवढा फेकला. त्यांचा मीटर परत केल्यावर मी दोन घेतले, एक सदैव उसना देण्यासाठी. सध्या तो स्लाउला आहे.

गावाकडून दोघा-तिघांनी विचारलं की आम्हालाही एखादा पाळता येईल का. धामण, अजगर, नाग, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाच साप घरी ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, प्रेमाने ठेवला तरी. घरात साप निघाला तर सर्पमित्र किंवा वनविभाग. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. विकणारा म्हणाला कागद नंतर देतो, तर तिथून निघा. ज्यांच्याकडे रीतसर आहे त्यांच्यासाठी: कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तुमचा प्रश्न माझ्या उलट असतो. हवा आधीच ओली, तळात पाणी ओतू नका, वारा खेळता ठेवा आणि पोटाचे खवले आठवड्याला बघा. एसीच्या खोलीत आणि नागपूरकडच्या मे महिन्यात मात्र माझाच हिशेब लागू.

मंगळवारपासून चुंबळीचे डोळे दुधाळ आहेत. बाहेर ३ अंश, हीटिंग चालू. ती डब्यात आहे, भोकातून फक्त नाकाचं टोक दिसतं. काल आप्पांचा फोन आला. जनावराची चौकशी नाहीच.

"किती आलंय?"

"एकाहत्तर."

"मग हात लावू नको," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.